स्नायूंतील संवेदी ग्राही
स्नायूंतील संवेदी ग्राही : स्नायूची लांबी, ती बदलण्याचा वेग आणि स्नायूत उत्पन्न होणारा ताण यांची माहिती तंत्रिका तंत्रास अखंड पुरविणाऱ्या सूक्ष्म संरचनांना स्नायूंतील संवेदी ग्राही म्हणतात. स्नायू हे केवळ आज्ञा पाळणारे अवयव आहेत, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः अस्थिस्नायूकडे जाणाऱ्या तंत्रिकेतील तंतूंपैकी सु. एक-तृतीयांश ते निम्मे तंतू स्नायूकडे आज्ञा नेत नसून स्नायूकडून वार्ता आणणारे असतात. चिखलाने भरलेल्या भातखाचरात पाऊल टाकणारी लावणीची बाई पायाकडे न पाहता तोल सांभाळते, डोक्यावर हंडा घेऊन चालणारी स्त्री मान स्थिर ठेवते किंवा अंधारात घास अचूक तोंडाशी जातो, ते या ग्राहींमुळे. त्यांचे मुख्य प्रकार दोन : स्नायु-तर्कू व कंडरा-ग्राही. यांखेरीज स्नायूंत मुक्त तंत्रिका-टोकेही पुष्कळ असतात. [→ तंत्रिका तंत्र, प्रतिक्षेपी क्रिया, स्नायु].

स्नायु-तर्कू : चातीसारखा, मध्ये फुगीर व दोन्ही टोकांना निमुळता होत जाणारा हा ग्राही ४ ते १० मिमी. लांब असतो. संयोजी ऊतकाच्या द्रवयुक्त वेष्टनात काही बारीक स्नायुतंतू असतात. त्यांना तर्कूअंतर्गत तंतू म्हणतात. मानवात एका तर्कूत ते बहुधा ३ ते १२ असतात. ज्यांच्या मध्यभागी केंद्रके पिशवीत भरल्यासारखी एकत्र आलेली असतात ते पिशवी-तंतू व ज्यांत ती एकामागे एक ओळीने मांडलेली असतात ते साखळी-तंतू. दोहोंचाही मध्यभाग आकुंचन पावू शकत नाही. आकुंचनशील असतात ती केवळ टोके.

तर्कू हा स्नायूतील नेहमीच्या बलोत्पादक तंतूंना समांतर बसविलेला असतो. त्याच्या कार्याचे सारे इंगित या मांडणीत आहे. स्नायू ताणला गेला की, तर्कूही ताणला जातो आणि त्यातून निघणाऱ्या आवेगांची वारंवारता वाढते. स्नायू आखडला की, तर्कू सैल पडून आवेग मंदावतात किंवा थांबतात. म्हणजे तर्कू स्नायूची लांबी मोजतो, बल नव्हे.

तर्कूपासून दोन प्रकारचे संवेदी तंतू निघतात. प्राथमिक अंत्यांग हे जाड, जलदवाहक तंतूचे टोक असून ते सर्व अंतर्गत तंतूंच्या मध्यभागाभोवती स्प्रिंगसारखे वेटोळे घालून बसते. लांबीबरोबरच लांबी किती वेगाने बदलत आहे हेही त्यास कळते. स्नायू झटक्याने ताणला असता त्याचे आवेग एकदम उसळतात व ताण स्थिर होताच पुन्हा खालच्या पातळीवर येतात. द्वितीयक अंत्यांग त्यामानाने सावकाश असते व मुख्यतः स्थिर लांबीची नोंद करते. मानवात प्राथमिक तंतूंतून आवेग सेकंदाला साठ मीटरांच्या आसपास वेगाने जातात.

मानवी शरीरात असे सु. ५०,००० तर्कू असावेत, असा अंदाज आहे. त्यांची वाटणी मात्र सर्वत्र सारखी नाही. कवटीच्या तळाशी असलेले मानेचे छोटे स्नायू आणि तळहातातील बारीक स्नायू यांमध्ये त्यांची दाटी मोठी असते. चेहऱ्याच्या भावदर्शी स्नायूंत ते जवळजवळ नसतात. ज्या स्नायूने नाजूक किंवा अचूक काम करावयाचे, त्यात ते अधिक, असा ढोबळ नियम सांगता येतो. पण त्याला अपवाद आहेत.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सूक्ष्मदर्शकाखाली या संरचना दिसत होत्या, परंतु काहींनी त्यांना वाढीस लागलेले स्नायुतंतू, तर काहींनी रोगट भाग मानले. व्हिल्हेल्म क्यूने (१८३७–१९००) यांनी १८६३ मध्ये त्यांना तर्कू हे नाव दिले. इटालियन शास्त्रज्ञ कामील्लो गॉल्जी (१८४३–१९२६) यांनी कंडरेतील ग्राहीचे वर्णन केले. त्यांचे नाव त्या ग्राहीस आजही चिकटून आहे. चार्ल्स स्कॉट शेरिंग्टन (१८५७–१९५२) यांनी १८९४ मध्ये मेरुरज्जूतून निघणारी प्रेरक मुळे कापून व त्यांतील तंतू नष्ट होऊ देऊन स्नायूच्या तंत्रिकेत मागे किती तंतू उरतात ते पाहिले आणि तर्कू हे संवेदी अंग आहे, हे निर्विवाद सिद्ध केले. आंजेलो रूफीनी (१८६४–१९२९) यांनी १८९८ मध्ये मांजराच्या तर्कूतील अंत्यांगांचे जे वर्णन केले, त्यात पुढे फार थोडी दुरुस्ती करावी लागली. शरीराला स्वतःच्या अवयवांच्या स्थितीचे व गतीचे जे ज्ञान होते, त्यास ‘स्वसंवेदन’ या अर्थाची संज्ञा शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये रूढ केली.

ताण-प्रतिक्षेप : गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर रबरी हातोडीने हलका ठोका दिला असता लोंबकळणारा पाय पुढे उडतो, हे डॉक्टरकडे जाणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेले असते. १८७५ मध्ये व्हिल्हेल्म एर्ब (१८४०–१९२१) व कार्ल व्हेस्टफाल (१८३३–९०) या दोन जर्मन वैद्यांनी एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात या झटक्याचे वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. एर्ब यांनी त्यास प्रतिक्षेप मानले. व्हेस्टफाल यांना मात्र तो स्नायूला बसलेल्या धक्क्याचा थेट परिणाम वाटला, कारण प्रतिक्षेपाला लागावा एवढा वेळही मध्ये जात नाही, असे दिसत होते. एर्ब यांचे म्हणणे पुढे खरे ठरले.

या क्रियेचा मार्ग असा : ठोक्यामुळे मांडीच्या पुढील चतुःशिरस्क स्नायू किंचित ताणला जातो, त्यातील तर्कूंची प्राथमिक अंत्यांगे एकदम उद्दीपित होतात, आवेग कमरेतील मेरुरज्जूपर्यंत जाऊन तेथील प्रेरक कोशिकांना सरळ भिडतात व त्या त्याच स्नायूस आकुंचनाची आज्ञा देतात. ठोक्यापासून स्नायूत विद्युत्‌ हालचाल दिसेपर्यंत सु. २० मिलिसेकंद लागतात. जाण्यायेण्याचे अंतर मीटरभराहून थोडे अधिक धरले, तर यातील बहुतेक वेळ केवळ प्रवासात जातो आणि मेरुरज्जूत विचारविनिमयास जागाच उरत नाही, हे साध्या गणिताने कळते. १९४३ मध्ये डेव्हिड लॉइड यांनी या मार्गात एकच अनुबंधन असते, हे प्रयोगाने दाखविले. त्याच वेळी तर्कूच्या तंतूची एक शाखा मध्यस्थ कोशिकेमार्फत विरुद्ध बाजूच्या, म्हणजे मांडीच्या मागील स्नायूंच्या प्रेरक कोशिकांना थोपविते; अन्यथा दोन्ही गट एकमेकांशी झगडत राहिले असते. या अन्योन्य निरोधाचा विद्युत्‌ तपशील जॉन एक्लस (१९०३–९७) यांनी कोशिकेच्या आत सूक्ष्म विद्युत्‌ अग्र घालून मिळविला. १९६३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

हातोडीचा ठोका ही अर्थात कृत्रिम गोष्ट आहे. १९२४ मध्ये एडवर्ड लिडेल व शेरिंग्टन यांनी दाखविले की, स्नायू सावकाश ताणून धरला, तरी तो टिकून राहणाऱ्या आकुंचनाने प्रतिकार करतो. उभ्या माणसाचे शरीर किंचित पुढे झुकले की, पोटरीचे स्नायू ताणले जातात व त्यांचे आकुंचन ते मागे खेचते, असे यावरून मानले गेले. हे चित्र बरेचसे खरे, पण अपुरे आहे. हातात धरलेल्या वस्तूला अचानक हिसका बसला, तर स्नायूत प्रथम लघुमार्गी प्रतिक्षेप दिसतो आणि त्यानंतर काही मिलिसेकंदांनी प्रमस्तिष्काच्या बाह्यकापर्यंत जाऊन आलेला दुसरा, अधिक प्रबळ प्रतिसाद येतो. या दुसऱ्या प्रतिसादावर हेतूचा परिणाम होतो : ‘धरून ठेवा’ असे सांगितले असता तो वाढतो, ‘सोडून द्या’ म्हटले असता घटतो.

गॅमा तंतू : तर्कू सैल पडला की तो मुका होतो, हे वर आले आहे. तसे असेल, तर स्नायू आखडत असताना, म्हणजे नेमके काम चालू असताना तंत्रिका तंत्राला काहीच कळू नये. ही अडचण तर्कूच्या टोकांना जाणाऱ्या बारीक प्रेरक तंतूंनी सोडविली आहे. त्यांना गॅमा तंतू म्हणतात. १९४५ मध्ये स्वीडनमधील लार्स लेक्सेल यांनी त्यांचे कार्य उलगडले. हे तंतू तर्कूची टोके आखडवून मध्यभाग पुन्हा ताठ करतात, तंबोऱ्याची तार खुंटी पिळून सुरात आणावी त्याप्रमाणे. त्यामुळे स्नायू कोणत्याही लांबीचा असो, तर्कूची संवेदनक्षमता टिकून राहते.

१९५० नंतरच्या दशकात एक आकर्षक कल्पना मांडण्यात आली. मेंदू प्रथम गॅमा तंतूंना आज्ञा देतो, त्यांमुळे तर्कू ताणला जातो आणि मग प्रतिक्षेपाने मुख्य स्नायू मागाहून येतो, अशी ती होती. यंत्रांतील स्वयंनियंत्रणाशी तिचे साम्य असल्याने ती लोकप्रियही झाली. पण स्वीडनमध्ये कार्ल-एरिक हागबार्थ व ओके व्हाल्बो यांनी १९६८ च्या सुमारास जागृत माणसाच्या तंत्रिकेत सूक्ष्म सुई घालून एकेका तंतूचे आवेग टिपण्याची पद्धत काढली व तिने या कल्पनेला धक्का दिला. तर्कूचे आवेग स्नायूच्या आकुंचनाआधी वाढत नाहीत, ते त्यानंतर वाढतात, असे आढळले. म्हणजे मुख्य (आल्फा) व गॅमा कोशिकांना आज्ञा बहुधा बरोबरच मिळते. सुबक सिद्धांत व मोजमाप यांत मोजमापाची सरशी झाल्याचे हे चांगले उदाहरण होय.

कंडरा-ग्राही : स्नायू व कंडरा यांच्या सांध्यात बसलेला हा ग्राही सु. १ मिमी. लांब असून त्याच्या कोलॅजेन धाग्यांत तंत्रिकेची बारीक टोके गुंतलेली असतात. त्यास साधारणतः दहावीस स्नायुतंतू जोडलेले असतात. तर्कू समांतर, तर हा क्रमाने, एकापुढे एक असा जोडलेला. म्हणून तो लांबी नव्हे, तर ताण मोजतो. स्नायू आखडला की, धागे ताणून मधली टोके चेपली जातात. अतिरेकी ताणामुळे स्नायू फाटू नये, यासाठी ऐन वेळी त्याला सैल करणारा संरक्षक, अशी त्याची ख्याती पाठ्यपुस्तकांत दीर्घ काळ होती व काहींत अद्याप आहे. ती आता टिकत नाही. त्याला जोडलेला एकच स्नायुतंतू आखडला, तरी तो उद्दीपित होऊ शकतो. म्हणजे तो संकटाची घंटा नसून रोजचा ताणमापक आहे. शिवाय विश्रांतीत तो आपल्या स्नायूला थोपवीत असला, तरी चालताना, पायावर भार असताना, त्याचाच परिणाम उलटून भार पेलणाऱ्या स्नायूंना साहाय्यक होतो, असे मांजरांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

स्नायूंतील मुक्त तंत्रिका-टोके दाब, वेदना व श्रमाने साचणारी द्रव्ये यांना प्रतिसाद देतात. व्यायामात हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढविण्यात त्यांचा भाग असतो. दिल्ली येथील शरीरक्रियावैज्ञानिक औतारसिंग पेंटल यांनी या टोकांच्या तंतूंविषयी १९६० च्या सुमारास केलेले काम मूलभूत समजले जाते.

जाणीव : डोळे मिटले असता आपला हात कोठे आहे, हे कशावरून कळते, या प्रश्नाचे उत्तर अनेक वर्षे सांध्यांतील ग्राहींकडे बोट दाखवून दिले जात असे, तर्कूंची वार्ता जाणिवेपर्यंत पोहोचत नाही, असे मानत. १९७२ मध्ये गुडविन, मॅक्लॉस्की व मॅथ्यूज यांनी दंडाच्या पुढील स्नायूच्या कंडरेवर सेकंदाला सु. १०० कंपने देणारे उपकरण लावले. कंपनांनी तर्कू उद्दीपित होतात. डोळे बांधलेल्या व्यक्तीस आपला हात कोपरात सरळ होत आहे, असे वाटू लागले, प्रत्यक्षात तसे काही नसताना. स्नायू ताणला जात असल्याची खोटी वार्ता मेंदूने खरी मानली. या साध्या प्रयोगाने तर्कूंना स्वसंवेदनात अग्रस्थान मिळाले. तर्कूतील ताणाचे विद्युत्‌ आवेगात रूपांतर करणारे मुख्य प्रथिन पिएझो-२ हे असल्याचे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. पिएझो प्रथिनांच्या शोधाबद्दल आर्डेम पटापूटियन यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हे प्रथिन जन्मतः नसलेल्या व्यक्ती डोळे उघडे असता चालू शकतात; डोळे बांधताच मात्र त्या अडखळतात.

सावकाश ताण व झटका यांतील भेद योगासनांच्या संदर्भातही लक्षात घेण्याजोगा आहे. प्राथमिक अंत्यांग वेगाला संवेदनशील असल्याने हिसके देऊन केलेल्या ताणाला स्नायू उलट आखडून विरोध करतो; संथपणे आसन घेऊन स्थिर राहिल्यास हा विरोध कमी होतो. पनवेलहून बोरघाट चढून गेल्यावर लागणाऱ्या लोणावळ्यास स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही संस्था स्थापून आसनांचा शरीरक्रियाविज्ञानाच्या कसोट्यांवर अभ्यास सुरू केला, तेव्हा तर्कूंचे हे गुणधर्म अजून उकलावयाचे होते.

विकृती : प्रतिक्षेप वाढणे व नाहीसे होणे या दोन्ही गोष्टी निदानास उपयोगी पडतात. मेंदूकडून मेरुरज्जूत उतरणारे प्रेरक मार्ग बिघडले की, ताण-प्रतिक्षेपावरील लगाम सुटतो. स्नायू ताठर होतात व हलक्या ठोक्यानेही अवयव जोराने उडतो. पक्षाघातात हे नेहमी दिसते. विदर्भाच्या पूर्व भागात पिकणाऱ्या लाख किंवा लाखोळीच्या डाळीमुळे होणारा कलायखंज हा याचा ठळक नमुना होय. टंचाईच्या काळात ही डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांचे प्रेरक मार्ग कायमचे नष्ट होतात; रुग्ण चवड्यांवर, गुडघे एकमेकांवर घासत, काठीच्या आधाराने चालतो. त्याची संवेदना मात्र शाबूत असते. डाळीतील विषारी अमिनो अम्ल बंगलोर येथील भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व शर्मा यांनी १९६४ मध्ये वेगळे केले. तिच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी घालण्यात आली होती. महाराष्ट्रात ती २००८ मध्ये उठविण्यात आली. याउलट पोलिओमध्ये प्रेरक कोशिकाच मरतात, म्हणून अवयव लुळा पडून प्रतिक्षेप जातो. उपदंशाच्या उत्तरावस्थेतील मेरुरज्जूविकारात संवेदी मुळे नष्ट होतात. तेथे बल असूनही प्रतिक्षेप नसतो, रुग्ण पाय आपटत चालतो आणि डोळे मिटताच झोक जातो.

कुष्ठरोगातील स्थिती या सर्वांहून निराळी आहे आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने ती विशेष महत्त्वाची आहे. पनवेलजवळ नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन हे रुग्णांच्या उपचारांचे व पुनर्वसनाचे केंद्र आहे. अशा केंद्रांत हातापायांची त्वचा पूर्णपणे बधिर झालेला रुग्ण तपासला असता त्याचे गुडघ्याचे व घोट्याचे प्रतिक्षेप बहुधा जसेच्या तसे आढळतात. कारण असे की, कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात. ते त्वचेतील तंत्रिकांना आणि ज्या ठिकाणी मोठ्या तंत्रिका कातडीलगत येतात, उदा., कोपरामागे, मनगटाशी, गुडघ्याच्या बाहेरील बाजूस व घोट्यामागे, तेथे त्यांना ग्रासतात. मांडी, पोटरी व बाहूचे खोल, उबदार स्नायू व त्यांतील तर्कू सहसा वाचतात. मधुमेही तंत्रिकाविकारात पाय बधिर होतात, तेव्हा घोट्याचा प्रतिक्षेपही बहुधा मंदावतो किंवा जातो. म्हणून बधिर पाय व शाबूत प्रतिक्षेप ही जोडी समोर आली, तर वैद्याने कुष्ठरोगाचा विचार करून तंत्रिका चाचपून पाहणे इष्ट असते. भारतात २००५ अखेर हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून दूर झाल्याचे जाहीर झाले असले, तरी नवे रुग्ण अजूनही आढळतात आणि निदानास उशीर झाला की, गमावलेली संवेदना परत येत नाही.

तर्कू वाचण्याचा एक अनिष्ट परिणामही होतो. बोटे हलविणारे लांब स्नायू कोपरापुढील हातात असतात. त्यांतील तर्कू चांगले असल्याने रुग्ण डोळे मिटूनही बोट वाकलेले की सरळ, हे सांगू शकतो. त्याची चाल लटपटत नाही. आपले हातपाय आपल्या हुकमतीत आहेत, असे त्यास वाटते, आणि तापलेल्या भांड्याचा कान किंवा चपलेतून आत आलेला खिळा मात्र जाणवत नाही. पकडीतील वस्तू निसटत असल्याची सूचना त्वचेकडून येत नसल्याने तो अवजार गरजेपेक्षा फार घट्ट धरतो व तळहातास जखमा होतात. बधिर पायावरील व्रणाचेही असेच : पाय चालतो म्हणून माणूस चालत राहतो. पायाची रोजची तपासणी, मऊ तळ असलेल्या चपला व अवजारांच्या जाड मुठी यांचा आग्रह धरला जातो, तो यामुळे.

कोपराशी तंत्रिका निकामी झाल्यास तळहातातील बारीक स्नायू त्यांच्या तर्कूंसह जातात व बोटे आकड्यासारखी वळतात. वेलोर येथे पॉल ब्रँड यांनी १९४० नंतरच्या दशकाअखेर, व पुण्याजवळ कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात आणि नंतर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात नोशीर अंटिया (१९२२–२००७) यांनी कंडरा-स्थानांतराच्या शस्त्रक्रिया केल्या. बोट वाकविणाऱ्या एखाद्या चांगल्या स्नायूची कंडरा चिरून तिचे पदर चारही बोटांना जोडतात. पाऊल लोंबत असल्यास पोटरीतील खोल स्नायूची कंडरा पावलाच्या वरच्या बाजूस आणतात. कंडरेची जागा बदलते, पण त्या स्नायूच्या तर्कूंचे मेरुरज्जूतील संबंध पूर्वीचेच राहतात. पाऊल टेकलेले असताना काम करणाऱ्या स्नायूने आता ते उचललेले असताना काम करावयाचे असते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे रुग्णास प्रथम बसून, मग उभे राहून व शेवटी चालताना नवी हालचाल शिकवावी लागते, आणि सुरुवातीस ती त्याने डोळ्यांनी पाहतच करावयाची असते.